माझी बदली पोटावर झाली

मी सुनिलची चरबी बोलतेय. नाक मुरडू नका. आत्ता तुमच्याही शर्टाखाली माझी एखादी बहीण आरामात पसरलेली असेल.

सुनिल जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी समजून साधना नाव ठेवलं. वयात आल्यावर माझी नेमणूक कमरेखाली आणि मांड्यांवर झाली. मी मन लावून काम केलं. त्याला मात्र मी नकोशी होते. भर उन्हातही तो ढगळ शर्ट घालूनच कोरपन्याच्या शिवारात कापूस वेचायचा.

त्याच्या मनातलं आधी ओळखलं ते थोरल्या गोपालनं. "तू माहा भाऊ हायेस, त मंग भाऊच हायेस," म्हणाला आणि त्याला नागपूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्या झाल्या, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली आणि काही महिन्यांत माझ्या बदलीचा हुकूम निघाला.

सरकारी माणसाला बदलीची भीती घालायची तर सगळा महाराष्ट्र आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं नाव घेतो. माझी बदली फक्त वीतभर अंतरावर, पोटावर. तरी मी सरकारी चालीनंच निघाले. मांड्यांवरची जागा हळूहळू सोडली, बेंबीभोवती बिऱ्हाड मांडलं. इकडे दंडात आणि खांद्यांत स्नायूंची नवी भरती झाली. भारी अकडू. कापसाचं गाठोडं झटक्यात उचलायचे आणि मग आरशात स्वतःलाच पाहत बसायचे.

"दंड मांगतले होते, पोट काऊन आलं?" सुनिल वैतागायचा.

"एकावर एक फ्री हाय," गोपाल मला चिमटा काढायचा. "दिवसभर जेवून राह्यला तू, मंग काय होईन?"

आई, गुणाबाई, चुलीपाशी बसून ऐकायची. हसायची नाही, रागवायचीही नाही.

मागच्या आठवड्यात गोपालला रस्त्यात ट्रकनं उडवलं. गोपाल गेला. सुनिलनं कोणाला न विचारता तिरडीला खांदा दिला. काका रामाजी काही म्हणणार होते, पण त्याचा चेहरा पाहून बाजूला सरकले. ते अकडू स्नायू वाटभर थरथरत होते, पण त्यांनी खांदा सोडला नाही. तेव्हापासून मी त्यांची टिंगल बंद केली.

घरी आल्यापासून सुनिल जेवत नाही. चहा पितो, ताट सरकवतो. मग त्याच्या अंगाचा गाडा माझ्यावर चालतो, रोज थोडी थोडी मीच जळते. ते माझं कामच आहे. पण पोरा, मी एकटी जात नसते. एवढ्या हौसेनं कमावलेले दंडही सोबत नेईन.

तो ऐकत नाही. चरबीचं कोण ऐकतं?

काल दुपारी आई वरणभाताचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. बराच वेळ त्याच्या पोटाकडं पाहत राहिली. मी अंग चोरलं. तिनं हात पुढं करून मला चाचपलं.

"गोपालचं पोट असंच होतं," ती म्हणाली. "शर्टाचं बटन ताणलंच राहे. एवढं तरी वाळवू नोको रे. जेव."

सुनिल रडला. रडता रडताच त्यानं घास उचलला.

गुणाबाई, त्याला आणखी थोडा भात वाढा. मी सरकून जागा करते.