ओळखीची काच

तिने प्रोग्रॅम पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला आणि मेनू खाली ओढला. पेशी मोजणाऱ्या प्लगइनचं, म्हणजे प्रोग्रॅमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, नाव तिथे होतं, पण फिकट राखाडी अक्षरांत. क्लिक केलं तरी ढिम्म हलेना.

"अजून रुसलेलाच का?" पलीकडच्या टेबलावरून मास्तरांनी विचारलं. ते मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्याचे पातळ काप काढून तपासायच्या काचेवर चढवत होते. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. पण खिडकीची कडी कशी लावायची हेसुद्धा अख्ख्या वर्गाला सांगावं तसं सांगत, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"नाव दिसतंय. काम करत नाही."

"म्हणजे आपल्या मोठ्या डॉक्टरांसारखं."

ती हसली नाही. एरवी हसली असती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या आठवड्यात कुणा शहाण्याला कॉम्प्युटर अपडेट करायची हुक्की आली. चित्रं तपासायचा प्रोग्रॅम नवा झाला आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट राबणारा प्लगइन आडवा पडला. चालत्या गाडीला खीळ घालायची हौस काही लोकांना असतेच. पण ती नेमकी याच वेळी फिटावी, याला काय म्हणायचं? पडद्यावर मोठं करून लावलेलं चित्र तिच्या धाकट्या भावाचं होतं. म्हणजे त्याच्या पोटातल्या गाठीतून काढलेल्या तुकड्याचं. निळे ठिपके म्हणजे गप्प बसलेल्या पेशी, तपकिरी ठिपके म्हणजे वाढणाऱ्या. शंभरातल्या वाढणाऱ्या किती, एवढाच प्रश्न होता. वीसच्या खाली असतील तर गोळ्या आणि अधूनमधून तपासणी. वर असतील तर पुढचं सगळं, आणि ते सगळं करूनही फारशी आशा नाही. मोठ्या डॉक्टरांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून मान हलवली होती. "पंधरा म्हणा, पंचवीस म्हणा. मशीनचा आकडा द्या, मग सही करतो."

आणि स्वतः मोजायची तिला मुभा नव्हती. घरच्या माणसाची काच आपण वाचायची नाही, असा तिथला दंडक होता. तिला तो पटत होता. आपल्या हातून मोजलं गेलं नाही तर आपल्या हातून काही घडलंही नाही, असं तिला वाटत होतं.

ती इंटरनेटवर शोधत बसली. तीन वर्षांपूर्वी कुणालातरी हीच अडचण आली होती. त्याने प्रश्न सविस्तर लिहिला होता आणि खाली स्वतःच उत्तर दिलं होतं, 'सुटला प्रश्न, धन्यवाद.' कसा सुटला ते नाही.

"असल्या माणसाला उलटा टांगला पाहिजे," ती म्हणाली.

"आधी फोल्डर बघ," मास्तरांनी वर न बघता वर्ग सुरू केला. "माणूस घर सोडून गेला तरी त्याचं सामान माळ्यावर राहतं."

तिने फोल्डर उघडलं. नवा प्लगइन तिनेच सकाळी आणून ठेवला होता, पण जुनाही तिथेच ठाण मांडून होता, जरा वेगळ्या नावाने. एका म्यानात दोन तलवारी. तिने जुना काढून टाकला, प्रोग्रॅम परत सुरू केला. मेनूतलं नाव काळंभोर झालं होतं.

प्लगइनबरोबर सरावाचं एक चित्र आलं होतं. ते तिने आधी लावलं. बनवणाऱ्यांनी सांगितलेला आकडा हुबेहूब आला. मग तिने भावाचं चित्र लावलं. हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावर एक पट्टी सरकत गेली आणि शेवटी खाली आकडा उमटला. नऊ.

तिने तिथूनच फोन लावला.

"बोल ताई," भाऊ म्हणाला. "आधी सांग, बसून ऐकू की उभ्याने?"

"नऊ आलाय."

"नऊ म्हणजे बरा ना? वीसच्या आत?"

"खूप आत. गोळ्यांवर भागेल."

मग तो म्हणाला, "ही बघ रडायला लागली इथे." पण आवाज त्याचाच फुटला होता.

"अजून सही व्हायची आहे," ती म्हणाली. ते ऐकायला तो फोनवर नव्हता. तो आतल्या खोलीकडे तोंड करून आकडा ओरडून सांगत होता.

मास्तर हात पुसत येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांनी आकडा पाहिला, मग चित्र पाहिलं. चित्राकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"ओळखीची काच लावून पाहिलीस?"

तिने कपाटाकडे पाहिलं.

ओळखीची काच म्हणजे कपाटात वेगळी जपून ठेवलेली एक जुनी काच. ज्याची होती तो माणूस केव्हाच गेला होता. त्या काचेवरच्या पेशी तिघांनी वेगवेगळं बसून हाताने मोजल्या होत्या आणि तिघांचाही आकडा चाळीसच्या आसपास आला होता. दर वेळी पेशींना द्यायचा रंग बदलला की त्याच तुकड्याचा नवा काप रंगवून त्या काचेशेजारी ठेवायचा. काहीही नवं आलं, भिंग असो की प्रोग्रॅम, तर आधी ती काच लावायची. चाळीस आले तर पुढे जायचं. बनवणाऱ्यांचं सरावाचं चित्र लावून समाधान मानायचं नाही, कारण आपल्या पोराला कोण नापास करतं? हा नियम प्रयोगशाळेत तिनेच आणला होता. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी हे सांगायची.

तिने ओळखीच्या काचेच्या नव्या कापाचं चित्र लावलं. चौदा आले.

"आपला तपकिरी फिका आहे," मास्तर हळूच म्हणाले. या वेळी त्यांनी वर्ग घेतला नाही. "रंगाची बाटली बदलली ना आपण. बनवणाऱ्यांचा कॉफीसारखा, आपला दुधाळ चहासारखा. फिके सगळे त्याने निळ्यांत ढकलले."

प्लगइनला आपला तपकिरी कोणता ते दाखवायची सोय होती. तिने फिक्या ठिपक्यांभोवती चौकट आखून दाखवलं आणि काच पुन्हा लावली. एकोणचाळीस. मग भावाचं चित्र लावलं. पट्टी सरकत गेली. सत्तावीस.

"घाईत होतं असं," मास्तर म्हणाले.

"घाई नव्हती, मास्तर. डॉक्टर पंधरा ते पंचवीस म्हणाले होते. नऊ कुठून येईल, एवढं मला कळतं. मला तो हवा होता."

मास्तरांनी विचारलं, "घरी सांगितलंस?"

तिने होकारार्थी मान हलवली. तिला स्वतःची इतकी चीड आली होती की डोळ्यांत पाणीही येईना. तिने सत्तावीस हा आकडा मोठ्या डॉक्टरांना पाठवून दिला आणि मग फोन उचलला.

भावजयीने घेतला. ती अगदी हळू आवाजात बोलत होती.

"ताई, झोपलाय तो. पोटभर जेवला, परत मागून घेतलं, आणि कोचावरच लवंडला. घोरतोय चक्क. थांबा, ऐकवते."

फोन कुठेतरी खाली नेल्याचा आवाज आला. मग घोरणं ऐकू आलं, संथ, मोठं, लहानपणी ज्यावरून ती त्याला उशी फेकून मारायची ते. ती ऐकत राहिली.

"किती दिवसांनी ऐकतेय मी," भावजय परत फोनवर आली. "काही काम होतं का? उठवू?"

"नको. झोपू दे. मी येतेय तिकडे."

"या ना. तो म्हणतच होता, ताईला बोलवून घे. परत एकदा समोर बसून ऐकायचंय म्हणाला, तुमच्या तोंडून."

"हो," ती म्हणाली. "समोर बसूनच सांगते."