कडीवरचा कीस

फौजदाराने ताईच्या घोट्याला चोच मारली, त्याच दिवशी मी वही उघडली.

फौजदार हा आमचा कोंबडा. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, हिने त्याला पिल्लू असताना बुटांच्या खोक्यात, साठ वॅटच्या दिव्याखाली वाढवले होते. आठ महिने तो तिच्या मांडीवर बसून तळहातावरचे दाणे टिपत असे. नवव्या महिन्यात त्याचा तुरा लालभडक झाला, पायामागचे काटे बाहेर आले आणि एका सकाळी पाण्याचे भांडे भरायला वाकलेल्या ताईवर तो पंख फडफडवत धावून गेला.

ताईला मधुमेह आहे. पायाला खरचटले तरी तिची जखम महिनाभर चिघळते. त्यातच संध्याकाळी माझ्या मुलाचा फोन आला.

“बाबा, पंधरा दिवसांनी, रविवारी, आम्ही येतोय. बाळ आता रांगायला लागलंय. त्याचा डोळाबिळा फुटला तर? त्याआधी काय तो निकाल लावा, नाहीतर येताना मी खाटकालाच सोबत आणतो.”

ताई शेजारीच बसली होती. “मी त्याला चमच्याने पाणी पाजलंय,” एवढेच ती म्हणाली आणि ताट न वाढताच उठून गेली.

कारखान्याच्या तपासणी विभागात मी छत्तीस वर्षे काढली. तेथे एखादा भाग बाद करण्याआधी तो कशाने बिघडला, हे कारण लिहावे लागे. कारण सापडल्याशिवाय फौजदाराला बाद करायचे नाही, असे मी ठरवले. वहीत आठ रकाने आखले: दिनांक, वेळ, हवामान, कपड्यांचा रंग, अंतर, हल्ल्याची जमिनीपासून उंची, जखम, नंतरची कृती. दररोज सकाळी सात आणि संध्याकाळी साडेपाच वाजता मी एकटाच अंगणातल्या जाळीच्या आत जाई. खुराड्याची कडी काढून तीन पावले मागे उभा राही. तो अंगावर आला की फाटकाबाहेर सरके, त्याला दूर नेण्यासाठी जाळीवरून मूठभर दाणे टाकी आणि फूटपट्टीने पायावरच्या खुणेची उंची मोजे. परिस्थिती प्रत्येक वेळी सारखी असावी म्हणून दाण्यांची मूठही मी मापाने घेत होतो.

सहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. पहिला हल्ला घोट्यावर होता, सातवा पोटरीवर आणि अकरावा गुडघ्याच्या वर चार बोटे. आलेख सरळ चढत चालला होता. आपणहून एवढ्या नियमाने काही बिघडत नाही. कोणीतरी त्याला चिथावत होते. चाचण्या थांबवून मी आधी त्याचा शोध घ्यायचे ठरवले.

संशय घ्यायला माणूस दूर शोधावा लागला नाही. आमच्या कुंपणाला लागूनच कुलपे दुरुस्त करणाऱ्याचे दुकान होते. किल्ल्या घासायचे यंत्र तो दिवसभर चालवी आणि फौजदाराच्या आरवण्यावरून रोज सकाळी मला टोमणा मारी.

“साहेब, तुमचा भोंगा आज पावणेपाचलाच वाजला. पाळी बदलली की काय?”

“कोंबडा आहे तो. आरवणारच.”

“तसं नाही, आवाज मोठा खणखणीत आहे. ऐकला की भूक लागते!”

तो हसे. मी हसत नसे. हे भुकेचे बोलणे मी वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवले. एवढेच काय, आजकाल दुपारी त्याचे यंत्र चार ते साडेचार बंद असते, हीही नोंद केली. नेमक्या त्याच वेळी मी झोपलेला असे: यंत्र थांबले की माझा डोळा लागे, सुरू झाले की जाग येई.

आठव्या दिवशी दुपारी आडवे होण्यापूर्वी मी खुराड्याच्या कडीवर, दांडा आणि पट्टी जेथे मिळतात तेथे, खडूने बारीक रेघ ओढली. साडेपाचला पाहिले तर रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि ते एकमेकांसमोर येत नव्हते. कडी कोणीतरी काढून पुन्हा लावली होती.

“ताई, दुपारी खुराडं उघडलं होतंस?”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी कशाला उघडू? पाय सुजलाय माझा.”

तिचे उत्तर जरा लवकर आले, असे मला वाटले. पण सख्ख्या बहिणीवर संशय घ्यायचा, हे मनाला पटेना. नवव्या दिवशी रेघ पुन्हा तुटली. या वेळी मी भिंग घेऊन गेलो. कडीच्या खोबणीत पिवळी चमचमती भुकटी होती. बोटाच्या टोकावर घेऊन उन्हात धरली. पितळेचा कीस! आसपासच्या चार गल्ल्यांत ज्याच्या हाताला पितळेचा कीस लागलेला असतो असा माणूस एकच होता.

दहाव्या दिवशी मी झोपण्याचे सोंग केले. चार वाजता यंत्र थांबले. मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. कुंपणाची एक फळी बाजूला सरकली आणि कुलपवाला आत आला.  तेवढ्यात मागच्या दाराने, माझे जुने गमबूट घालून, ताई बाहेर पडली आणि त्याला म्हणाली, “लवकर आटपा. तो साडेचारला उठतो.”

मी तसाच अनवाणी बाहेर धावलो.

“काय चाललंय हे? चोरासारखे दुसऱ्याच्या घरात शिरता? कोंबड्याला डिवचायला?”

कुलपवाला गडबडला नाही. त्याने कडी काढली. फौजदार मान फुगवून बाहेर झेपावला. कुलपवाला जागचा हलला नाही. पायावर एक धडक बसली, तरी तो तसाच उभा. दुसरी धडक येण्याआधी त्याने वाकून फौजदाराचे पंख मिटवले, त्याला काखेत घेतले आणि गल्लीत शिळोप्याच्या गप्पा मारत फिरावे तसा अंगणभर फिरू लागला. चार-पाच मिनिटांत फौजदाराची मान खाली झुकली.

“आमच्या मामाकडे दोनशे कोंबड्या होत्या,” तो म्हणाला. “वयात आलेला नर अंगावर येतोच, साहेब. तो फक्त बघतो, मागं कोण सरतं ते. जो सरला त्याचा हा मालक.”

“मी अकरा नोंदी केल्या आहेत. दिवसेंदिवस वाढत चाललंय. बाहेरून कोणी चिथावल्याशिवाय असं होत नाही.”

“मग वही आणा की.”

मी वही आणली. हातांना कीस लागला होता म्हणून त्याने ती ताईकडे दिली. ताईने चष्मा लावला आणि शेवटचा रकाना मोठ्याने वाचू लागली.

“नंतरची कृती: तीन पावले मागे, फाटकाबाहेर. दाणे एक मूठ. नंतरची कृती: तीन पावले मागे. दाणे एक मूठ.” अकराच्या अकरा नोंदी तिने वाचल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “अरे, तू याला मारामारीची शिकवणी लावलीस. वर बक्षीससुद्धा देतोयस!”

रकाना माझ्याच अक्षरात होता. खाडाखोड कोठेही नव्हती.

“मग मला सांगितलं का नाहीस?” मी विचारले.

“सांगायला आले होते. दुसऱ्याच दिवशी. तू म्हणालास, नोंदी पुऱ्या झाल्याशिवाय मत देऊ नकोस. तुझ्या नोंदी पुऱ्या होईपर्यंत तो खाटकाकडे गेला असता. म्हणून त्याला वळण लावायला मी यांना बोलावलं.”

मी कुलपवाल्याकडे वळलो. क्षमा मागण्याची सवय नसल्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागला. “मी तुमच्याबद्दल मागच्या पानावर बरंच काही लिहिलं आहे.”

“भुकेचं लिहिलंय का?”

“लिहिलंय.”

“ते राहू द्या. ते खरं आहे,” तो म्हणाला आणि फौजदाराला माझ्या काखेत देऊन निघून गेला.

उरलेले दिवस मी दोन्ही वेळा गमबूट घालून जाळीत उभा राहिलो. मागे सरकायचे नाही, हल्ल्यानंतर दाणा द्यायचा नाही. पहिल्या दिवशी त्याने मला सहा धडका दिल्या. ताई फाटकाबाहेरून ओरडत होती, “पाय! पाय मागे जातोय तुझा!” शनिवारी एकही धडक बसली नाही. तो माझ्यापासून चार हातांवर माती उकरत राहिला.

रविवारी मुलगा आणि सून आले. बाळ व्हरांड्यात रांगत होते आणि जाळीतल्या त्या लाल तुऱ्याकडे पाहून टाळ्या वाजवत होते. मुलाने जाळीपाशी उभे राहून सगळे पाहिले.

“बाबा, एकदम शहाणा झालाय की! मग हमी देता का तुम्ही?”

ताई माझ्याकडे पाहत होती. हो म्हणणे सोपे होते. पण फौजदार मागे न हटणाऱ्या माणसाला मानू लागला होता. गुडघ्यांवर रांगणारे बाळ त्याच्या डोळ्याच्या उंचीवर येत होते, आणि त्या उंचीची एकही चाचणी मी घेतलेली नव्हती. घेणारही नव्हतो.

“नाही,” मी म्हणालो. “बाळासाठी हमी देता येत नाही.”

ताईने तोंड फिरवले. मी कुंपणापाशी जाऊन कुलपवाल्याला हाक मारली. त्याच्या मागच्या अंगणात जाळी होती आणि लहान मूल नव्हते. तो हात पुसत आला, माझे बोलणे पुरते ऐकून घेतले आणि म्हणाला, “फळी तेवढी नीट बसवून द्या. बिजागरी लावून. ताईंना पाय उचलून यावं लागतं.”

त्याच दुपारी मी फळीचे छोटे दार केले, दोन पितळी बिजागऱ्या बसवल्या. फौजदाराला ताईनेच काखेत घालून पलीकडे नेले. त्या छोट्या दाराला कडी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मला जाग आली. सात वाजता कुलपवाला डोळे चोळत कुंपणापाशी आला.

“साहेब, तुमचा भोंगा...”

“आता तुमचा,” मी म्हणालो.

ताई गमबूट चढवून, मुठीत दाणे घेऊन, माझ्यासमोरूनच दारातून पलीकडे गेली. दाणे त्याने धडक दिल्यावर द्यायचे नाहीत, शांत राहिला तरच द्यायचे, हे मी तिला सांगणार होतो. तिने वळूनसुद्धा पाहिले नाही.