खंडू साळवेंची शोकसभा

खंडू साळवे बहरीनमधल्या मनामात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे आणि दर शुक्रवारी तिथल्याच अदलिया भागातल्या एका कॅफेत माउथ ऑर्गनवर ब्लूज वाजवायचे. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं ते संगीत ते कॅसेटी ऐकून शिकले होते, आणि पुढे अनेकांना त्यांनी शिकवलंही. फुप्फुसाच्या ऑपरेशनसाठी ते नागपूरला गेले आणि वर्षभराने परतले.

बायकोला, कांताला, घेऊन ते कॅफेत गेले, तर दारातच त्यांचा हार घातलेला फोटो. आत खंडूंचा शिष्य युसुफ त्यांनीच बांधलेली धून वाजवत होता आणि गर्दीतले लोक डोळे पुसत होते.

युसुफने वर पाहिलं आणि सूर तुटला.

"अंकल, आप तो ऑपरेशन में... हमें तो यही खबर मिली थी."

"जिंदा हैं," कांता म्हणाली. तिने फोटोवरचा हार काढला.

युसुफने माउथ ऑर्गन पुढे केला.

"अब उतनी साँस नहीं रही," खंडू म्हणाले. "तू बजा."

ते पुढच्या खुर्चीत बसले. आपलं वाजवणं इतक्या लोकांच्या मनात होतं, याचाच त्यांना जास्त धक्का बसला होता.