स्क्रूच्या भोकाशी दुरावलेली जोडी

मित्रांनो, मी एक जुना, हिरवा, तळहाताएवढा सर्किट बोर्ड आहे. ज्या यंत्रासाठी मला घडवलं, त्यात मी जेमतेम नऊ दिवस राहिलो. तरीही माझं आयुष्य वाया गेलं असं मला वाटत नाही. का, ते ऐका.

ते यंत्र लहान मुलांच्या घशात डोकावण्यासाठी होतं. नळीच्या टोकाला मसुराएवढा कॅमेरा, आणि त्याचं चित्र पडद्यापर्यंत पोचवण्याचं काम माझं. माझा आराखडा काढणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. केसांत पेन्सिल खोचून त्या संगणकापुढे बसत आणि माझ्या अंगावरची तांब्याची एकेक रेघ मायेने आखत.

चित्र नेणाऱ्या रेघा जोडीने असतात. एकीवरून जो संदेश जातो, त्याच्या नेमका उलटा दुसरीवरून. पलीकडची चिप दोघींमधला फरक तेवढा वाचते. वाटेत बाहेरच्या विजेचा गोंगाट दोघींवर सारखाच पडला, तर फरक तसाच राहतो आणि चित्र स्वच्छ दिसतं. त्यासाठी दोघींनी खेटून चालायला हवं आणि त्यांची लांबीही सारखी हवी. नाहीतर एक आधी पोचते, दुसरी मागे रेंगाळते.

माझ्या एका जोडीच्या वाटेत स्क्रूचं भोक आलं. ते सरकवायचं तर यंत्राची पेटी बनवणाऱ्यांना कळवावं लागणार होतं, आणि आधीच तीनदा बदल सांगून ताईंनी त्यांची बोलणी खाल्ली होती. शेवटी त्यांनी एक रेघ भोकाच्या डावीकडून नेली, दुसरी उजवीकडून. उजवीकडच्या रेघेला लांबचा वळसा पडला.

"चालून जाईल," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

चाललंही, आठ दिवस. माझ्यावर सुटे भाग बसवले होते ते मामांनी. कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर तेच. नवव्या दिवशी ते चाचणीला बसले आणि पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या. मामांनी यंत्रातला, लाळ ओढून घेणारा छोटा पंप बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला.

"ताई, पंप थांबला की चित्र सरळ होतं बघा," ते म्हणाले.

ताईंनी भिंग घेतलं आणि थेट त्या भोकापाशी आल्या. कुठे बघायचं ते त्यांना ठाऊक होतं.

कारखान्याच्या साहेबांनी ऐकून घेतलं. "शंभरदा बघितलं तर एकदा रेघ येते. सोमवारी यंत्र दवाखान्यात द्यायचंय. मी शब्द दिलाय."

"डॉक्टर आत काहीतरी शोधत असतील आणि नेमकी तेव्हाच ती रेघ आली, तर?" ताई म्हणाल्या. "चूक माझी आहे साहेब. भोक सरकवा म्हणायची मला लाज वाटली. नवा बोर्ड करायला तीन आठवडे द्या."

साहेबांनी स्वतः दवाखान्यात फोन लावला.

माझ्या जागी माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या अंगावरची ती जोडी शेवटपर्यंत एकत्र चालते. दोन महिन्यांनी डॉक्टरांचा निरोप आला: दीड वर्षाच्या मुलीच्या घशातून कानातल्याची फिरकी सुखरूप निघाली. मामांनी सगळ्यांना चहा पाजला. मी ताईंच्या खणात पडून ऐकत होतो. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. पण आनंद त्याहून मोठा होता.

मला वाटलं, आता भंगार. पण ताईंनी मला तीन वेळा कचऱ्याच्या डब्याजवळून परत उचललं. नव्या लोकांना त्या माझी ओळख करून देत. "हे मी केलंय," असं त्या सरळ सांगत. त्यांच्यापुढे मग इतरही आपली चूक सांगायला बिचकेनासे झाले.

मामा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय हवं? मामांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या घरी पुस्तकांच्या फळीवर असतो. परवा नातीने विचारलं, "आजोबा, हा चालतो का?"

"नाही गं."

"मग ठेवलाय कशाला?"

"याच्यावरून आम्ही पुढचे बोर्ड नीट करायला शिकलो," मामा म्हणाले आणि फडक्याने माझ्यावरची धूळ हलकेच टिपली.

मित्रांनो, फसलेली वस्तू लगेच फेकू नका. आधी तिला नीट न्याहाळा, आणि आपला हात कुठे चुकला ते जवळच्या माणसाला सांगा. एवढी काळजी घेतलीत, तर माझ्यासारख्यांचे नऊ दिवसही पुष्कळ झाले.