पाच वक्ते आणि चंदरचा भोंगा

शुक्रवारी सकाळी अफरीननं पुन्हा यादी उघडली. नावं अकरा. त्यातले पाच तर वक्तेच!

वेब डेव्हलपरांची परिषद श्रीवर्धनला भरवायची ही टूम तिचीच. ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवायची, आणि परिषदेच्या पुण्यातल्या संयोजकाच्या, कुलदीपच्या, मागे हात धुऊन लागून तिनं ही परिषद इकडे ओढून आणली होती. कुलदीपनं अट घातली होती: शनिवारी संध्याकाळपर्यंत पन्नास नावं, नाहीतर परिषद पुण्यालाच. "आणि मग श्रीवर्धनचा विषय पुन्हा काढायचा नाही," हेही त्यानं ऐकवलं होतं.

वक्त्यांच्या ओळखीचं पान तिनं झकास केलं होतं. गोल गोल फोटो, पदव्या, हुद्दे, सगळं इंग्रजीत. 'सिनियर फ्रंटएंड इंजिनियर' हे वाचून गावातलं कुठलं पोर जागचं उठणार, सांगा बरं!

शेवटी ती चंदरदादाकडे गेली. टेनिस बॉलची स्पर्धा असो की डोळे तपासणीचं शिबिर, रिक्षावर भोंगा बांधून गावभर पुकारायचं काम चंदरचं. मैदानावर समालोचनही तोच करायचा. त्यानं तिचा कागद खालीवर पाहिला.

"ही कोण गो माणसं?"

"वक्ते आहेत, दादा."

"ते कळलं. बॅट्समन मैदानात आला की मी पहिलं त्याचं गाव सांगतो, मग मागच्या मॅचला काय केलं ते. हितं दोन्ही न्हाय. लोकांनी यायचं कशाला?"

अफरीनला आधी राग आला, मग हसू. तिथंच कट्ट्यावर बसून ती एकेकाचं सांगत गेली आणि चंदर वहीत उतरवत गेला. तासाभरात रिक्षा निघाली. मागच्या सीटवर अफरीन, लाजेनं ओढणी पार नाकापर्यंत ओढून.

"ऐका हो ऐका! पुढच्या रविवारी आपल्या गावात पाच वक्ते! रेवदंड्याची साक्षी! आईची सुकी मासळी पडून राहायची, पोरीनं मोबाईलवर दुकान काढलं, आता सोडे पार कल्याणला जातात! त्यानंतर हरिहरेश्वरचा अजित! दर्शनाला आलेल्या माणसाला रिकामी खोली शोधून देणारं पान ह्याचं! सात वेळा आपटला, आठव्यांदा जमलं! आपण कुठं कुठं चुकलो, तेवढंच सांगणार हाय!"

बायका दारात आल्या. सुपारी सोलणारे हात थांबले. कॉलेजची पोरं रिक्षामागून चालता चालता मोबाईलवर नावं भरू लागली. बाजारपेठ संपेपर्यंत आकडा सव्वीसवर गेला आणि अफरीनची ओढणी केव्हाच खांद्यावर आली.

तिच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी मात्र तिनं चंदरचा हात धरला. "दादा, इथं माझं नाव नको." पाचवं नाव तिचं स्वतःचं होतं. तिच्या कामाला घरात 'मोबाईलवर बसणं' म्हणत. अब्बा, म्हणजे नजमुद्दीन, बावीस वर्षं कुवेतला काढून आले होते. ते तेवढंही म्हणायचे नाहीत, आणि तिला त्याचंच जास्त लागायचं.

चंदरनं तिच्या घरासमोर चार नावं पुकारली आणि तो गप्प झाला. अब्बा ओट्यावर उभे राहून ऐकत होते.

"तू तर मघाशी पाच म्हणालास. पाचवा कोण?"

चंदर अफरीनकडे बघू लागला. तिनं मान खाली घातली. "मी, अब्बा."

अब्बा पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी माईकसाठी हात पुढे केला. आजवर नगराध्यक्षालाही माईक न देणाऱ्या चंदरनं तो मुकाट्यानं दिला.

"ही माझी अफरीन." आवाज भोंग्यातून कापत आला. "मी कुवेतला काय काम करायचो, ते घरी कधी सांगितलं न्हाय. मला कुणी विचारलं पण न्हाय. त्याचं वाईट वाटायचं. आता ही रोज माझ्यासमोर बसून काम करते, आणि मी पण विचारलं न्हाय. चुकलंच माझं. हिचं काम मला कळत न्हाय. ते ऐकायला मी जाणार हाय. तुम्ही पण या. पोरींना घेऊन या."

अफरीनला रडू आवरेना. समोरच्या खिडकीतून जुलेखाचाची ओरडल्या, "आमच्या अनमचं नाव लिही गो!" मग शेजारच्या घरातून दोन नावं आली, मग पलीकडच्या आळीतून.

शनिवारी संध्याकाळी कुलदीपचा फोन आला. "अगं, साठ? श्रीवर्धनात? हॉलमध्ये खुर्च्या किती आहेत?"

"साठच."

"मग बंद कर नोंदणी! आम्ही येतोय."

तिनं नोंदणी बंद केली. तेवढ्यात अब्बा चष्मा पुसत दारात आले. "माझं नाव घातलंस ना गो?"

सगळ्या गावाची नावं लिहिली आणि घरातलंच राहिलं! "अब्बा... यादी भरली. एकही खुर्ची उरली नाही."

"एक पण न्हाय?" अब्बांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, स्क्रीनवरची सगळी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि ते इतक्या वर्षांत तिनं पाहिलं नव्हतं इतकं मोकळं हसले.

"मग काय, उभा राहीन मी. मागं, दाराशी."