वाढीचं शेवटचं वर्ष

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवून देणाऱ्या त्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लेकीच्या जबड्याचं वाटोळं तिचा बाप करतोय. नवरा-बायको वेगळे झाल्यापासून लेक एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे राहायची. बाप लाड करण्यात पटाईत. शिस्त आईने लावायची आणि आइस्क्रीम त्याने चारायचं, अशी कामाची वाटणी लग्नात होती आणि लग्न मोडल्यावरही तशीच राहिली होती. त्याच्या घरी पोरगी दातांच्या तारांवरची रबरं नियमाने लावते, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं, तर तिने त्यालाच चष्मा लावून घ्यायला सांगितलं असतं.

खालचा जबडा मागे आणि वरचे दात पुढे, हा वारसा लेकीला तिच्याकडूनच मिळाला होता. शाळेत तिला 'सशी' म्हणायचे. तिच्या लहानपणी घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तिला मात्र वाटलं होतं, आणि अजून वाटत होतं. म्हणून लेकीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेताना तिने कुणाचंही ऐकून घेतलं नाही.

बाईंनी पहिल्याच दिवशी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. तारा लावल्या की थोडे दिवस दुखेल, गाल आतून सोलवटेल, तिथे तारेवर मेण लावायचं. तारांनी दात सरळ होतील. पण जबडा पुढे आणायचा तर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत ताणलेली बारीक रबरं रात्रंदिवस घालायची, फक्त जेवताना काढायची.

"आणि हे सगळं आत्ताच, हाड वाढतंय तोवर," बाई म्हणाल्या होत्या. "मोठ्या माणसाचे दात सरकवता येतात, जबडा नाही. नंतर आलात तर ऑपरेशनच करावं लागेल."

आईने कंबर कसली. रोज जेवण झालं की मोबाइलचा दिवा पेटवून ती लेकीसमोर उभी राहायची. "आ कर." लेक तोंड उघडायची, रबरं जागेवर असायची, आईचं समाधान व्हायचं. उरलेल्या आठवड्यांचं काय, या विचाराने मात्र तिचा जीव जळायचा. त्यात भर म्हणजे या वयात बापाने स्वतःचे वाकडे दात सरळ करायला घेतले होते. तारा नकोत म्हणून त्याने दातांवर चढवायचे पारदर्शक ट्रे बनवून घेतले होते, आणि जेवणं सोडली तर ते दिवसभर तोंडात ठेवायचा.

"स्वतःच्या थोबाडासाठी बरा वेळ मिळतो!" असं ती दुकानातल्या मैत्रिणीला म्हणायची.

यावेळी बाईंनी आईबाप दोघांना बोलावून घेतलं. लेक खुर्चीत आडवी होती. समोरच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्याचा एक्स-रे होता.

"जबडा म्हणावा तसा पुढे आलेला नाही," बाई म्हणाल्या. "रबरं निम्मा वेळच घातली जातायत."

निम्मा वेळ! आईला आणखी काय हवं होतं?

"ऐकलंस?" ती नवऱ्याकडे वळली. "माझ्याकडे मी रोज डोळ्यांनी बघते. मग राहिलं कोण?"

"तू आधी जरा..."

"मला शिकवू नकोस. डॉक्टर, दोन घरांत हे व्हायचं नाही. जिथे रबरं घातली जातात, त्याच घरी तिने वर्षभर राहायचं. दुसऱ्याकडे सुट्टीला जाईल. तुम्हीच सांगा, चुकतंय का माझं?"

बाई जरा अवघडल्या. "घरचं तुम्ही ठरवायचं. पण वाढीचं हे शेवटचं वर्ष धरा. एका जागी राहिली तर तिच्या फायद्याचंच आहे."

"झालं तर मग! विचारा तिलाच. याच्यासमोर विचारा."

बाईंनी खुर्ची सरळ केली. "कुठे घालतेस गं रबरं? खरं सांग, कुणी रागावणार नाही."

लेक गळ्यातल्या कागदी रुमालाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "बाबाकडे."

आई हसली. "अगं, घाबरू नकोस. मी आहे ना."

"खरंच बाबाकडे. जेवलो की आम्ही दोघं बेसिनपाशी जातो. तो ट्रे घालतो, मी रबरं. ज्याचं मागे राहील त्याने भांडी घासायची. नेहमी तोच हरतो."

"आणि माझ्याकडे? मी रोज बघते ती काय असतात?"

"तू बघतेस तेव्हा असतात. मग मी काढून टाकते."

"का?"

"दुखतं म्हणून."

"मग सांगायचंस ना मला!"

"सांगितलं होतं, आई. तू म्हणालीस, नाटकं करू नकोस, मला हे मिळालं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं."

ते वाक्य तिचंच होतं, शब्दन्शब्द. बाई हात धुवायला वळल्या. नवरा जिंकल्यासारखा दिसला असता तर तिला भांडता तरी आलं असतं. पण तो खाली बघत होता.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "आत्ता तू बोललीस ते मी धरून बसणार नाही. चाललंय तसं चालू ठेवू. तुझ्याकडेही ती घालेल. घालशील ना गं?"

लेकीने मान डोलावली. आईला तो होकार ओळखता आला. "आ कर" म्हटल्यावर तोंड उघडायची, तितक्याच आज्ञाधारकपणे तिने तो दिला होता.

शब्द मागे घेणं सोपं होतं. पण पडद्यावर ती मागे दबलेली हनुवटी होती, हुबेहूब तिची स्वतःची. तिला नवऱ्याचा राग आला, स्वतःची शरम वाटली, आणि त्या क्षणी लेकीचाही राग आला.

"नको," ती म्हणाली. "वर्षभर तुझ्याकडेच राहू दे."

"म्हणजे मी आता बाबाकडेच राहायचं?" लेकीने झटकन विचारलं आणि लगेच तोंड पाडलं. पण तेवढ्यात तिचा खुललेला चेहरा आईला दिसला होता.

बाईंनी नेहमीप्रमाणे रबरांची दोन पाकिटं पुढे केली, दोन्ही घरांसाठी. आईने दोन्ही घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली.