लिंबू टोचलेला कॅम्पचा सुरा

श्रीरामपूरच्या ट्रेकिंग ग्रुपात ओंकार आल्यापासून पातेली घासत होता, आणि आता त्याला साहित्यप्रमुख व्हायचं होतं. म्हणून ग्रुप चालवणाऱ्या सुकन्या मॅडमनी त्याच्या हातात आपला कॅम्पचा सुरा दिला.

"धार उजेडात धरून बघायची," मॅडम म्हणाल्या. "चांगली धार दिसत नाही. जिथं चमकेल तिथं ती मेली. आणि हे साधं पोलाद आहे, स्टेनलेस नाही. ओलं राहिलं की गंजतं, आंबट लागलं की काळं पडतं. वापर खुशाल. खर्ड्याच्या कॅम्पला नीट आणून दिलास तर साहित्य तुझ्याकडं. नाहीतर पातेली आहेतच."

ओंकारनं सुरा कोल्हारला घरी नेला आणि टॉवेलात गुंडाळून कपाटात निजवला. वापरायचा प्रश्नच नव्हता.

पण त्याच आठवड्यात चुलतभावाचं, रविराजचं, लग्न होतं. हळद लागली की नवरदेवानं हातात कट्यार धरायची, टोकाला लिंबू टोचायचं, आणि लग्न लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही, अशी घरची रीत. नवरदेवावर वाईट नजर टपून असते म्हणतात. रविराजमध्ये टपण्यासारखं नेमकं काय होतं, हे ओंकारला लहानपणापासून कळलेलं नव्हतं. आळीत कट्यार एकच, रामहरीकाकांची, आणि ती त्याच मुहूर्तावरच्या दुसऱ्या लग्नाला गेली होती.

"अडकित्ता द्या हातात," ओंकार म्हणाला.

"अडकित्ता धरून नवरदेव न्हाई, सुपारी मागाय आलेला पाव्हना वाटंल," लंकाबाई आत्या म्हणाली. "तुज्या कपाटात हाय ना टावेलात? मला वाटलं, तू पोरगंच लपवलंस."

"आत्या, तो दुसऱ्याचा आहे. त्याला लिंबू चालत नाही."

"लिंबू चालत न्हाई? त्याला काय पित्त हाय व्हय?"

तोवर लिंबू टोचून झालं होतं. रस पात्यावरून ओघळला, आणि ओंकार फडकं शोधायला धावला.

आता लग्नघरात चोवीस तास हातात सुरा असलेला माणूस रिकामा बसलाय म्हटल्यावर लोक त्याला थोडेच सोडतात. रविराजनं मांडवाच्या दोऱ्या कापल्या. गुळाची ढेप फोडली. डीजेवाल्याची वायर सोलून दिली. मामाच्या बॅगेची अडकलेली चेनसुद्धा त्याच सुऱ्यानं उघडली, म्हणजे बॅगच उघडली, चेन अजून अडकलेलीच आहे. अंगाला हळद लागल्यावर नवरदेवानं काम करू नये असं सगळेच म्हणत होते, पण सुऱ्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

ओंकार फडकं आणि खोबरेलची बाटली घेऊन मागं मागं फिरला. लिंबू काढायचं, पातं पुसायचं, कोरडं करायचं, तेल लावायचं. रविराज दुपारी छातीवर सुरा ठेवून पडला, तेव्हा ओंकार त्याच्यावर ओणवा झाला. रविराजनं एक डोळा उघडला.

"मारतोयस काय मला?"

"पुसतोय."

"मग ठीक आहे," म्हणून तो परत घोरायला लागला.

मंगल कार्यालयात नवरीच्या मावशीनं, छबूबाईंनी, हे बघितलं. "तुमच्यात सुरा पुसायची रीत हाय व्हय?" त्यांनी लंकाबाईला विचारलं.

नवरीकडच्या बाईपुढं 'न्हाई' म्हणणं लंकाबाईच्या रक्तात नव्हतं. "हाय की. आमच्यात पुसनाऱ्याचा मान आसतो. पुसलं की लिंबू नवं."

मग काय. ओंकारला टोपी घातली, टॉवेल दिला, कुंकू लावलं. फोटोग्राफरनं त्याला जरा सावकाश पुसायला सांगितलं. पुसेल तितक्यांदा लंकाबाई ताजं लिंबू टोचत गेली. नवरीकडच्यांनी कमीपणा नको म्हणून आपलाही एक पुसणारा उभा केला, पण नवरीच्या हातात सुरा नव्हता, त्यामुळं तो बिचारा हार पुसत राहिला. मंगलाष्टकं सुरू करण्याआधी भटजींनी दोन्हीकडं बघून विचारलं, "पुसून झालं ना?"

शेवटी छबूबाईंनी ओंकारच्या हातात मानाचा नारळ ठेवला. मानाचा नारळ मांडवातच फोडायचा असतो, असं त्या म्हणाल्या. आणि सुरा हातात धरलेला माणूस शेजारीच उभा होता. ओंकार 'पाठीकडनं, पाठीकडनं' म्हणेपर्यंत रविराजनं धारेकडनं घाव घातला.

अक्षता पडल्या आणि सुरा सुटला. ओंकारनं मुठीच्या सांध्यातली हळद दातांच्या ब्रशनं काढली, लाकूड तरी पिवळंच राहिलं. पातं धुऊन, पुसून, उन्हात धरलं. टोकाशी करडे डाग होते. धारेच्या मधोमध, नारळ लागला तिथं, एक ठिपका लखलखत होता.

खर्ड्याला जाताना एसटीत त्यानं 'काटक्या तोडल्या मॅडम' हे वाक्य पाठ केलं. किल्ल्याजवळच्या माळावर मॅडमनी सुरा उन्हाकडं धरला, मूठ हलवून बघितली, पात्याचा वास घेतला. मग परत एकदा घेतला.

"कुठं होता हा?"

"लग्नात," ओंकार म्हणाला. काटक्या एसटीतच राहिल्या होत्या. "नवरदेवाच्या हातात. लिंबू टोचून."

"गंज नाही. मूठ घट्ट आहे. हे करडे डाग राहू देत, गंज उलट कमी धरेल. आणि हा खड्डा?"

"तो माझा मान."

"तुझा काय?"

त्यानं सगळं सांगितलं, हार पुसणाऱ्यासकट. मॅडम तंबूकडं तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मग वळून त्यांनी धार लावायचा दगड त्याच्यापुढं ठेवला.

"खड्डा जाईपर्यंत घास. इतक्या लिंबांत ज्यानं गंज चढू दिला नाही, त्याच्याकडं साहित्य द्यायला हरकत नाही."

ओंकार दगडावर पाणी शिंपडून बसला. ठिपका बारीक होत होत दुपारी दिसेनासा झाला. मग कुणाला दोर कापायला सुरा हवा होता. ओंकारनं त्याच्याच दातांकडं बोट दाखवलं, ते वापर म्हणून. संध्याकाळी खुद्द मॅडम कलिंगड घेऊन आल्या.

"आंबट निघालं तर?" साहित्यप्रमुखानं विचारलं. "आधी चाखून बघा."

मॅडमनी कलिंगड खाली ठेवलं. न कापता ते चाखायचं कसं, यावर दोघंही खरोखर विचार करत बसले.